म्हशींचा पोळा

विमलबाईंनी म्हशीचं डावं शिंग लाल रंगवून संपवलं आणि दोन पावलं मागे सरून मान तिरकी करत पाहिलं. म्हैसही मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहत होती. तिनं रवंथ थांबवली होती.

"काकू, हे काय करून राह्यल्या?" रेणुकानं गोठ्याच्या दारातून विचारलं.

"पोळा."

"पोळा तर कधीचा झाला."

"बैलायचा झाला. म्हशीयचा कधी झाला सांग?" विमलबाईंनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. "बैल आता वर्षातून चार दिवस वावरात जाते, बाकी सारं ट्रॅक्टर. तरी त्याले बाशिंग, त्याले झूल, त्याले पुरणपोळी. अन् ही माय रोज दोन टाइम दूध देते, तिले काय? निसती हाड हाड. उद्या गाडी येऊन राह्यली. तिच्या भरवशावर येऊन राह्यली ना? मंग तिचा मान नको?"

रेणुकाला हसू आलं आणि ते तिला थांबवता येईना. आठवडाभर ती अशीच होती. भांडी घासताना, अंगणवाडीत मुलांना बडबडगीत शिकवताना मध्येच हसू फुटायचं. उद्या सकाळी गावात पहिल्यांदा दुधाची गाडी येणार होती.

लोणारहून सुलतानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटा आहे, तिथून गाव आत. आजवर गावातलं दूध मोटरसायकलला कॅन बांधून लोणारच्या हॉटेलांत जात होतं. हॉटेलवाल्याला कॅन भरलेला लागे. त्यामुळे घरात निघेल ते सगळं त्यात ओतलं जाई आणि घरात सगळे कोरा चहा पीत, पोरंसुद्धा. रेणुकानं प्राणिशास्त्रात पदवी घेतली होती आणि गावातली अंगणवाडी चालवत होती. मुलांना वजनकाट्यावर उभं करताना तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे. घरोघरी म्हैस असलेल्या गावातली मुलं दुधावाचून वाढत होती.

बायकांनी दूध संघ काढला तेव्हा विमलबाई अध्यक्ष झाल्या आणि रेणुका सचिव. सचिव व्हायला तिनं एक अट घातली होती: आधी तांब्या, मग कॅन. प्रत्येक घरानं पहिलं तांब्याभर दूध आपल्या पोरांसाठी काढून ठेवायचं आणि उरलेलं केंद्रावर आणायचं. डेअरीवाल्यांनीही एक अट घातली होती. पहिल्या सकाळी शंभर लिटर भरलं आणि पुढेही साधारण तेवढं येत राहिलं, तर गाडी रोज फाट्यावरून आत वळेल. नाही भरलं तर सरळ पुढे जाईल, आणि मग पुन्हा मोटरसायकली, हॉटेलं आणि कोरा चहा.

रेणुकानं प्रत्येक गोठ्यात स्वतः बसून दूध मोजलं होतं. तांबे वजा करून एकशे दहाच्या आसपास भरत होतं. हात सैल सोडण्याइतकं नव्हतं, पण पुरेसं होतं.

"ये, तूही हात लाव," विमलबाई म्हणाल्या. चुलीवरचं कोमट पाणी त्यांनी बादलीत ओतलं होतं आणि वाटीत लोणी घेतलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना कोमट पाणी, हळद आणि लोणी लावून चोळतात आणि दुसऱ्या दिवशी जेवायला या म्हणून बैलांना आवतण देतात. म्हशीच्या खांद्यावर जू नसतं. तेव्हा विमलबाईंनी आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं की म्हशीची कास शेकायची. त्या खाली बसल्या, फडका कोमट पाण्यात पिळला आणि कासेवर धरला. मग लोण्याचे हात हळूहळू फिरवले. म्हशीनं एक लांब श्वास सोडला आणि पुन्हा रवंथ सुरू केली.

"आज आवतण घे, माय," विमलबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "उद्या बादली भरून दे."

"हे बाकी फार चांगलं केलं," रेणुका म्हणाली. तिला ते मनापासून आवडलं. गावातल्या सगळ्या गोठ्यांतून त्या संध्याकाळी लोण्याचा वास येत होता.

बाजेवर पडलेल्या उकंडरावांनी कूस बदलली. विमलबाईंचे यजमान दिवसातला बराच वेळ गोठ्याला लागून टाकलेल्या त्या बाजेवर असत आणि तिथून जगाचा कारभार बघत.

"मले कधी लोणी लावलं नाई तुह्या काकूनं," ते रेणुकाला म्हणाले.

"तुम्ही दूध देता का?" विमलबाईंनी न वळता विचारलं.

*

सकाळी रेणुकाला जाग आली ती ढोलाच्या आवाजानं. तिच्या सासूबाई तानाबाई अंगणात डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या.

"कोणाची वरात आली वं, एवढ्या सकाळी?"

वरात नव्हती. विमलबाईंचा भाचा सुलतानपूरहून आपला बँजो घेऊन आला होता. लग्नात वाजतो तसा सगळा संच होता, ढोल, ताशा आणि गाडीवर बांधलेले दोन भोंगे. त्यांच्यामागे गावातल्या बायका. कुणी पैठणी नेसली होती, कुणी लेकीच्या लग्नातला शालू. थंडीत तोंडातून वाफ निघत होती आणि सगळ्या हसत होत्या. मिरवणूक एकेका गोठ्यासमोर थांबे, म्हशीला ओवाळलं जाई, गळ्यात झेंडूची माळ पडे, आणि बँजोवाले जरा जास्त जोरानं वाजवून पुढच्या गोठ्याकडे वळत.

रेणुकाही त्यांच्यात ओढली गेली. शेजारच्या मनकर्णाबाईंनी इतरजणींसारखा तिच्याही कपाळाला हळदकुंकवाचा मळवटच भरला. गल्लीच्या टोकाला केंद्राची खोली होती. तिथं घासूनपुसून उपडे ठेवलेले कॅन आणि फॅट मोजायचं नवं यंत्र होतं. दारावर आंब्याचं तोरण होतं. आपल्याला आज काहीही उचलता येईल असं तिला वाटलं.

मग बायका आपापल्या गोठ्यात धार काढायला गेल्या, आणि थोड्याच वेळात एकेक करून परत आल्या.

पहिल्या बादलीत रेणुकानं डोकावून पाहिलं. बादलीचा तळ दिसत होता.

"पिल्लाचं उष्टं दूध काढलं का काकू? वगारीनं आधीच प्यालं?"

"नाई वं. वगार तं बांधेल आहे. सडाले हात लावला की लाथ मारते."

दुसऱ्या बादलीतही तेच, आणि तिसऱ्यातही. तानाबाई आल्या, त्यांच्या बादलीत तर चहापुरतं दूध होतं. बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"पान्हा चोरला," कुणीतरी म्हणालं.

"माह्या म्हशीनंही चोरला."

"सगळ्यायनं मिळून चोरला का काय?"

उकंडराव कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून केंद्राच्या पायरीवर उभे होते. गाडीवाल्याचं स्वागत करायला म्हणून ते आज बाज सोडून आले होते. "काय वो मॅडम," ते म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी बैलाले काम नसते. म्हशीयले वाटलं, आपल्यालेही सुट्टी."

दोघी-तिघी हसल्या. रेणुका हसली नाही. तिनं तानाबाईंच्या म्हशीकडे पाहिलं. केंद्रासमोरच त्यांच्या घरचा गोठा होता. म्हशीचे कान ताठ होते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता आणि शेपूट पायांच्या मध्ये घट्ट दाबलेलं होतं. बँजो अजून कुठेतरी दूर वाजत होता आणि प्रत्येक ठोक्याला तिच्या कातडीवर एक थरथर उठत होती.

"चोरला नाही," रेणुका म्हणाली. "घाबरल्या आहेत त्या."

"कायले घाबरतीन? ओवाळलं त्यायले!"

"म्हशीच्या सडांत दूध तयार नसतं, काकू. सगळं वर असतं, कासेतल्या बारीक बारीक पिशव्यांत. तिला बरं वाटलं, ओळखीचा हात लागला, की शरीरात एक रस सुटतो आणि त्या पिशव्या आवळून दूध खाली येतं. तोच पान्हा. भीती वाटली की तो रस कामच करत नाही. आज तिला काय ओळखीचं आहे? गळ्यात माळ, शिंगाला रंगाचा वास, दारात ढोल. आणि तुम्ही. या शालूमध्ये तिनं तुम्हाला कधी पाहिलंय?"

विमलबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी शालूचा पदर हातात घट्ट धरला होता.

"म्हंजे माह्याच्यानं झालं."

"काकू, तसं नाही."

"तसंच आहे वं. मान द्याले गेली अन् सत्यानाश केला." त्याच वेळी फाट्याकडून हॉर्न ऐकू आला आणि लहान पोरं "गाडी! गाडी!" करत धावली.

गाडीचा ड्रायव्हर अविनाश मेहकरचा होता, तरुण, घाईतला. त्यानं खाली उतरून तोरण पाहिलं, कॅन पाहिले आणि एका कॅनचं झाकण उघडून आत पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच नाही," रेणुका म्हणाली, आणि आपण किती ठामपणे बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "दूध आहे. कासेत आहे. तुम्ही सुलतानपूरची फेरी करून याच रस्त्यानं परत येता ना?"

"येतो. पण ताई, मले साहेबाले आकडा सांगा लागते."

"परत येताना आकडा घ्या."

अविनाशनं तिच्या मळवटाकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "बरं. येताना आत वळतो एकदा. पण तवा थांबायले टाइम नाई भेटणार. जेवढं असन तेवढं."

गाडी धूळ उडवत गेली. रेणुका पायरीवर चढली. तिला भाषण करायची सवय नव्हती आणि तिनं ते केलंही नाही.

"आधी बँजो बंद. त्यांना चहा द्या आणि बसवून ठेवा. माळा काढा. रंग पुसा, रॉकेलनं नको, तेलानं. सगळ्यांनी रोजच्या साड्या नेसा, कालच्याच. धुतलेल्या नकोत. आणि काल संध्याकाळी केलं तसंच करा. कोमट पाणी, लोणी, हळू हात. कुणी ओरडायचं नाही."

"म्हंजे पुन्हा कास शेकाची?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"हो. तेवढाच भाग बरोबर होता, आणि तो फार बरोबर होता." हे ती विमलबाईंकडे पाहून म्हणाली.

गावानं एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. बँजोवाले पारावर कपबशा घेऊन बसले आणि त्यांतल्या एकानं बशी आपटली तेव्हा चार बायकांनी एकदम तोंडावर बोट ठेवलं. घराघरांतून चुलीचा धूर निघाला. रेणुका अनवाणी या गोठ्यातून त्या गोठ्यात जात होती. प्रत्येक ठिकाणी ती एकच प्रश्न विचारी, "रोज धार काढताना इथं काय काय असतं?" कुठे सरकीच्या ढेपीचं टोपलं आधी समोर यायचं. कुठे वगारीला दोन घोट आधी प्यायला सोडायचं. तानाबाई धार काढताना म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून बसायच्या. आज मळवट पुसला जाऊ नये म्हणून त्यांनी टेकवलं नव्हतं. त्यांनी पदरानं कपाळ खसाखसा पुसलं, टेकवलं, आणि थोड्या वेळानं बादलीत आवाज आला, आधी टणटण, मग सर्रर, मग जाड फेसात बुडालेला घुसघुस आवाज.

रेणुकाला ओरडावंसं वाटलं. तिनं तोंडावर हात दाबून धरला आणि तानाबाई कपाळ न उचलता नुसत्या डोळ्यांनी हसल्या.

आता गल्लीगल्लीतून तोच आवाज येऊ लागला. फक्त विमलबाईंच्या गोठ्यातून येत नव्हता. त्यांची म्हैस गावात सगळ्यात जास्त दूध देणारी होती.

विमलबाई जुन्या साडीत, लोण्याच्या हातांनी उकिडव्या बसल्या होत्या. म्हशीचं एक शिंग पुसून झालं होतं, दुसरं अजून लालच होतं. ढेप समोर होती. वगार शेजारी होती. म्हैस रवंथ करत होती, पण मध्येच थांबून बाजेकडे पाहत होती.

"सगळं रोजच्यासारखं केलं वं," विमलबाई पुटपुटल्या. "काय राह्यलं ते समजत नाई."

रेणुकानं म्हशीच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. बाज रिकामी होती.

"काकू, रोज धार काढताना काका कुठे असतात?"

"अठीच पडेल राह्यतेत. कटकट करत. तुरीवर अळी पडली, हरभरा डुकरायनं खाल्ला, रात्रीची लाइन देतेत, चहात साखर नाई..." विमलबाई थांबल्या. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

उकंडरावांना केंद्रावरून अक्षरशः ओढत आणलं गेलं. त्यांचा इस्त्रीचा सदरा काढून जुनी बंडी घालायला लावली आणि बाजेवर आडवं केलं.

"आता बोला," विमलबाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"रोज बोलता ते."

उकंडराव घसा खाकरून म्हणाले, "तुरीवर अळी पडली." ते शाळेतल्या पाठासारखं आलं. म्हशीनं कान हलवला आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "हरभरा... अवं, असं सांगून कोणाले येते का? पोटातून याव लागते ते."

केंद्रावरून हाक आली, दूध मोजायला हवं होतं. रेणुकाला जावं लागलं. जाताना तिनं वळून पाहिलं तेव्हा उकंडराव आढ्याकडे बघत शब्द शोधत होते आणि विमलबाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या की काहीतरी मनात येत असावं.

*

रांगेतल्या बादल्या आता जड होत्या. रेणुका मोजत होती आणि ओतत होती. प्रत्येक बाईला ती विचारत होती, "तांब्या?" आणि प्रत्येक बाई म्हणत होती, "ठेवला." शेवटची बादली ओतली तेव्हा काट्यावरचा सगळ्या कॅनांचा हिशेब त्र्याण्णव लिटर झाला. तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला.

अविनाश आला, कॅन पाहून त्याच्या भुवया वर गेल्या. "अबाबा! हे कुठून आलं?" मग त्यानं आकडा ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "सातनं राह्यलं ना ताई."

"थोडं थांबा."

"कॅन चढवेपर्यंत थांबतो. त्याच्या पुढं नाई." त्यानं पहिल्या कॅनला हात घातला.

मनकर्णाबाई रेणुकाच्या कानाशी आल्या. "घरोघरी तांब्या हाये ना. पंधरा घरचे आणले तरी होते. एक दिवसाचं तं काम हाये. पोरं एक दिवस कोरा चहा पेतीन, मरतीन थोडीच."

रेणुकानं मनातल्या मनात तांबे मोजले. हिशेब बरोबर होता. एक दिवस. एका दिवसानं कुणाचं वजन कमी होत नाही, हे तिला पुस्तकातूनही माहीत होतं. पण उद्या पाच लिटर कमी पडेल, परवा तीन, आणि प्रत्येक वेळी तो एकच दिवस असेल. हॉटेलवाल्याचा कॅनही असाच भरत गेला होता.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "तांब्याला हात नाही लावायचा."

"मंग गाडी गेली समज."

"गेली तर जाऊ द्या."

अविनाशनं दुसरा कॅन उचलला. सगळं गाव अजून सकाळच्या हुकमाप्रमाणे गप्पच होतं, आणि म्हणूनच दोन गल्ल्या पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"माह्या सदऱ्यानं? माह्या ठेवणीतल्या सदऱ्यानं शिंग पुसलं? अवं, डोकं हाये का खोकं? लेकाच्या लग्नात शिवला होता तो! घरात फडके मेले का सारे? तुरीवर अळी पडली तं इचारत नाई कोणी, हरभरा डुकरायनं नेला, रातची लाइन देते थो वायरमन, अन् अठी माह्या सदऱ्याचं पोतेरं..."

तानाबाईंनी कान दिला. "पान्हा सुटला," त्या म्हणाल्या.

"कोणाचा?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"दोघायचाही."

रांगेत एक हसू फुटलं आणि कुणालाच ते दाबता आलं नाही. अविनाशनं कॅन खाली ठेवला. "हे काय चालू हाये ताई?"

"दूध येतंय," रेणुका म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "थांबा."

आवाज चालूच राहिला. त्यात सरपंच आला, गुडघे आले, जावयाची मोटरसायकल आली. मग तो जवळ येऊ लागला. गल्लीच्या वळणावर आधी विमलबाई दिसल्या, जुन्या साडीचा ओचा खोचलेला, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली बादली. फेस बादलीच्या वर आला होता. त्यांच्यामागे बंडीतले उकंडराव, हातात लाल डाग पडलेला सदरा फडकवत, अजून बोलत.

"काकू, तांब्या?" रेणुकानं विचारलं.

"सगळ्यात आधी ठेवला, माय." विमलबाईंना धाप लागली होती.

रेणुकानं बादली काट्यावर ठेवली. बायका इतक्या वाकल्या की तिला आकडा दिसेना. तिनं त्यांना कोपरानं मागे सारलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"आठ. एकूण एकशे एक," ती म्हणाली.

पारावर बसलेल्या बँजोवाल्यांनी ते ऐकलं आणि एकानं ढोलावर थाप दिली. साऱ्या बायका एकदम त्याच्यावर धावून गेल्या, "ये, बंद कर! म्हशी आहेत अजून!" आणि मग स्वतःच आपल्या ओरडण्याला हसत सुटल्या.

अविनाशनं कॅन चढवले. दार लावताना तो म्हणाला, "उद्यापासून रोज वळतो. सकाळी फाट्यावरून हॉर्न देईन."

"हॉर्न देऊ नका," रेणुका म्हणाली.

"मंग तुमाले समजन कसं?"

"आम्ही उभ्याच असू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फाट्यावरून आत वळली ती हॉर्न न वाजवता, हळू, बैलगाडीच्या वेगानं. धुक्यात गल्ली शांत होती. केंद्राच्या पायरीवर बादल्यांची रांग लागली होती. विमलबाईंच्या गोठ्यात एका शिंगावर लालसर डाग उरलेली म्हैस डोळे अर्धवट मिटून उभी होती, आणि बाजेवरून आवाज येत होता, "चहात साखर नाई. आता तं दूधही हाये घरात, पण साखर नाई..."